गावातलं चर्च: पाळकाचा पगार, जमिनीचा उतारा आणि जातीचा दाखला

नगर जिल्ह्यात, आता ज्याला अहिल्यानगर म्हणायचं, नेवासा, शेवगाव, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात गावोगावी छोटी चर्चं आहेत. बहुतेक जुन्या महारवाड्याला किंवा मांगवाड्याला लागून. काही दगडी, काही विटांची, काहींवर नुसते पत्रे. मंडळी, म्हणजे त्या चर्चचे सभासद, तीस-चाळीस घरांची. रविवारी उपासना होते, पण पाळक येतोच असं नाही, कारण त्याच्याकडे आणखी चार-सहा गावं असतात. तो नसेल तेव्हा एखादे निवृत्त गुरुजी शास्त्रपाठ वाचतात, ‘उपासना संगीत’मधली दोन-तीन गीतं होतात, प्रार्थना होते आणि लोक घरी जातात. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी, मात्र राहतं. ते पाळक येईल त्या रविवारी.

या चर्चांबद्दल बाहेर बोललं जातं ते दोनच गोष्टींवर: धर्मांतर आणि परदेशी पैसा. दोन्ही विषय एका गृहीतावर उभे आहेत, की ही चर्चं वाढताहेत आणि त्यांच्याकडे पैसा आहे. जनगणना काय सांगते ते बघा. २००१ साली महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण १०.५८ लाख होते, २०११ साली १०.८० लाख. त्याच दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, ख्रिस्ती लोकसंख्या दोन टक्क्यांच्या आसपास. राज्याच्या लोकसंख्येतला त्यांचा वाटा एक टक्क्याच्या खाली आला. आणि यातला मोठा भाग मुंबई, वसई, ठाणे, पुणे इथला. राहिला तो खेड्यांत विखुरलेला.

गावच्या चर्चपुढच्या अडचणी समजून घ्यायच्या तर धर्मशास्त्र बाजूला ठेवून तीन कागद बघावे लागतात: पाळकाच्या पगाराचा, जमिनीचा आणि जातीच्या दाखल्याचा. तिन्ही कागदांची गाठ जुन्या इतिहासात आहे, म्हणून थोडं मागं जाऊ.

आधी शाळा, मग मंडळी

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं केलं. सुरुवातीला त्यांचा भर शहरावर होता: शाळा, छापखाना, उच्चवर्णीयांशी वादविवाद. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरहूनच निघालं. खेड्यांकडे मोहरा वळला तो १८५०च्या दशकात. १८५४-५५ मध्ये या मिशनच्या अमेरिकेतल्या मूळ संस्थेचे सचिव रुफस अँडरसन पाहणीसाठी इथं आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. गावागावांत छोट्या मंडळ्या उभ्या कराव्यात, त्यांवर मराठी पाळक नेमावेत, आणि प्रत्येक मंडळीनं आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः सांभाळावा. परदेशी मिशनऱ्यानं कामातून मोकळं होऊन पुढं जावं.

कारभार आणि प्रसार एक वेळ जमला असता. खर्चाचं गणित पहिल्या दिवसापासून बसलं नाही, आणि त्याचं कारण जातीत होतं. मंडळीत आलेले लोक बहुसंख्येनं महार आणि मांग. बलुत्यावर जगणारे, वतनाचा तुकडा सोडला तर जमीन नसलेले, मजुरी धान्यात घेणारे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. पोट हातावर असलेल्या या लोकांनी पाळकाचा रोख पगार कुठून द्यायचा?

यावर जी वाट निघाली तिनंच पुढची सगळी घडी बसवली. मिशननं गावात शाळा काढली. १८५४ नंतर सरकार खाजगी शाळांना अनुदान देऊ लागलं होतं, ते मिळालं, उरलेला पैसा मिशनच्या निधीतून आला. शाळेवर एक मास्तर नेमला. हा मास्तर सोमवार ते शनिवार पोरांना बाराखडी शिकवायचा आणि रविवारी उपासना घ्यायचा. लोकांचे अर्ज लिहायचा, सावकाराचा कागद वाचून दाखवायचा, आजारी माणसाला नगरच्या दवाखान्यात पोचवायचा. त्याची बायको बायकांना शिवण आणि वाचन शिकवायची. कागदोपत्री तो शिक्षक होता, पण गावच्या दृष्टीनं चर्च म्हणजे तोच. ज्या वाड्यातल्या पोराला पाटलाच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती, तिथं एक पगारी शिकलेला माणूस आपल्या जातीतला राहतो आहे, याचं मोल बाप्तिस्म्याइतकंच होतं. मी तर म्हणेन, काही घरांसाठी जास्तच.

म्हणजे मंडळीचा खर्च मंडळीनं उचलावा हे तत्त्व कागदावर राहिलं आणि पगार मिशनच्या तिजोरीतून येत राहिला. हे खुपणारे लोक त्या काळातही होते. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि मिशनबाहेरची ‘देवाचा दरबार’ ही स्वतंत्र मंडळी काढली, त्यामागं ही खंत होती की इथल्या ख्रिस्ती माणसाचा धर्म मिशनच्या पगारपत्रकाला बांधला गेला आहे. त्यांना पुढं दोनच वर्षं मिळाली. १९१९ साली ते गेले. त्यांची भजनं गावोगावी अजून गायली जातात, पगाराचा प्रश्न मात्र तिथंच राहिला.

पगार आटला तो कसा

पहिला धक्का १९३०च्या मंदीचा. अमेरिकेतल्या देणग्या घटल्या तशी इथल्या मिशनच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली. मग स्वातंत्र्य आलं, परदेशी मिशनरी हळूहळू कमी झाले, आणि गावोगावी सरकारी शाळा आल्या. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर तर प्रत्येक गावाची शाळा जिल्हा परिषदेची झाली. हे चांगलंच झालं, त्यात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम कुणी मोजला नव्हता. मिशनची शाळा बंद झाली तेव्हा मास्तरचा पगार बंद झाला, आणि मास्तर गेला तेव्हा रविवारची उपासना घेणारा माणूस गेला. यातले हुशार मास्तर आणि त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या नोकरीत शिरली. घराचं भलं झालं. नोकरी बदलीची असल्यामुळे ती माणसं दुसऱ्याच तालुक्यात राहू लागली, आणि मंडळीत उरले ते शेतमजूर.

आज पाळकाचा पगार बहुतेक ठिकाणी धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या, कचेरीतून येतो आणि प्रत्येक मंडळीनं त्यासाठी ठरलेली रक्कम वर पाठवायची असते. तिला सगळे ‘असेसमेंट’च म्हणतात. गणित मांडून बघा. समजा मंडळीत चाळीस घरं आहेत आणि प्रत्येकानं महिन्याला शंभर रुपये दिले. झाले चार हजार. त्यातून विजेचं बिल, पत्र्याची डागडुजी आणि वर पाठवायची रक्कम. एका माणसाचा संसार चालेल एवढा पगार यातून निघत नाही, म्हणून एका पाळकाला पाच-सहा मंडळ्या जोडाव्या लागतात. मग तो प्रत्येक गावाला महिन्यातून एकदा दिसतो, आणि जो महिन्यातून एकदा दिसतो त्याला लोक शंभराऐवजी पन्नास देतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं अवघड जातं.

रोख नसेल तर वस्तू, हा जुना उपाय अजून टिकून आहे. सुगीच्या सणाला लोक बाजरी, ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एक भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा पुन्हा दान करतो. हा दिवस मोठ्या मजेचा असतो आणि वर्षाच्या हिशेबातला बराचसा खड्डा त्यातून भरतो. मिझोराममध्ये तर घरोघरी स्वयंपाकाच्या तांदळातली मूठ रोज बाजूला काढून चर्चला द्यायची पद्धत आहे आणि तिच्यावर तिथल्या चर्चनं मोठी कामं उभी केली. फरक एवढाच की तिथं जवळजवळ सगळं गाव चर्चमध्ये असतं आणि घरात स्वतःच्या शेतातला भात असतो. इथं पाथर्डीच्या मजुराच्या घरात रेशनचा तांदूळ असतो.

आणि मजूर घरी असेल तर. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारचा बीड जिल्हा हा ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे नाताळ नेमका तोडीच्या ऐन हंगामात येतो. वर्षातला सगळ्यांत मोठा सण, ज्या दिवशी सगळ्यांत जास्त दान पडायचं, त्या दिवशी निम्मी मंडळी कारखान्याच्या कोप्यांवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्यांत, असते. गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. शब्बाथ शाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाला, पोरं तरी असतात म्हणावं, तर त्यातलीही बरीच आईबापांबरोबर गेलेली. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा सप्टेंबरात भरते. तेव्हा तोडणी सुरू व्हायची असते, आणि गर्दीत कॅथलिकांइतकेच बाकीचेही असतात. गावातल्या चर्चला असं नशीब नाही.

पूर्वी या पोरांसाठी बोर्डिंग असायची. तालुक्याच्या गावी मिशनचं वसतिगृह, तिथं राहून शाळा. आज साठीच्या पुढं असलेल्या कितीतरी ख्रिस्ती शिक्षकांना, परिचारिकांना, कारकुनांना विचारा, प्रत्येकजण एखाद्या बोर्डिंगचं नाव सांगेल. ही बोर्डिंग आणि बालकांसाठीचे प्रकल्प मुख्यतः बाहेरच्या देणग्यांवर चालत. इथं परदेशी पैशाचा मुद्दा खरा आहे, पण तो नीट समजून घ्यायला हवा. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी लागते. २०१७ साली ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ या अमेरिकी संस्थेला अशी परवानगी न मिळाल्यामुळे भारतातलं काम बंद करावं लागलं. स्थानिक चर्चांमार्फत सुमारे १.४५ लाख मुलांचं शिक्षण आणि जेवण ती बघत होती. मग २०२० साली कायदा आणखी आवळला गेला. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेनं तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, कचेरीचा खर्च निधीच्या निम्म्यापर्यंत चालत असे तो २० टक्क्यांवर आणायचा, आणि पहिलं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडायचं. मोठ्या संस्थांकडे हिशेबनीस असतात, त्या निभावून नेतात. पण मोठ्या संस्थेकडून थोडे पैसे घेऊन गावात पंधरा मुलांची अभ्यासिका चालवणाऱ्याचा रस्ता पहिल्या अटीनंच बंद झाला.

जमीन कुणाच्या नावावर

आता दुसरा कागद. हा विषय किचकट आहे आणि मंडळीतल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथं आहे, म्हणून जरा सावकाश.

मिशननं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमिनी घेतल्या तेव्हा त्या मिशनच्या किंवा तिच्या ट्रस्टच्या नावावर लागल्या. शाळेचं आवार, मास्तरचं घर, चर्च, कब्रस्तान, कधी शेतीचा तुकडा. त्या वेळी या जमिनी गावाबाहेर होत्या. आज गाव वाढून त्यांच्याभोवती आलं आहे, शेजारून रस्ता गेला आहे, आणि गुंठ्याचा भाव ऐकून डोळे फिरावेत अशी स्थिती आहे. मंडळी गरीब, जमीन श्रीमंत. अशा जमिनीवर चारी बाजूंनी नजर असते, आणि दुर्दैवानं आतूनही असते.

१९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. त्यांत अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते, आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाही होतं, ज्यात नगरकडच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या होत्या. उपासना एकत्र आली, बिशप एक झाला. लोकांना वाटलं, जमिनीही आपोआप एक झाल्या. तसं होत नाही. महाराष्ट्रात धार्मिक संस्थेची मालमत्ता ही सार्वजनिक न्यासाची मालमत्ता असते आणि तिला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. गुजरातलाही तोच मुंबई राज्याचा कायदा लागू होता. तिथल्या ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल लागला: विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून मालमत्ता सीएनआयकडे गेली असं होत नाही, न्यास कायद्यात सांगितलेली प्रक्रिया पार पडायला हवी. या निकालानंतर ठिकठिकाणी जुन्या चर्चसंस्थांच्या नावानं दावे सांगणाऱ्यांना बळ मिळालं. काही दावे खरे, काही जमिनीसाठी उकरून काढलेले. बाहेरून फरक कळत नाही.

कायद्यातल्या दोन तरतुदी मंडळीतल्या प्रत्येक पंचाला पाठ असाव्यात. एक, कलम ३६: न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानंही देता येत नाही. दोन, कलम २२: विश्वस्त बदलले, कुणी वारलं, मालमत्तेत काही फरक पडला, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. लोक त्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात.

घोटाळा होतो तो दुसऱ्या तरतुदीत. विश्वस्त वारले, नवे निवडले, पण अर्ज दिलाच नाही. किंवा दिला आणि कुणीतरी हरकत घेतली म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिला. मग नोंदवहीत चार मृत माणसं विश्वस्त राहतात आणि जमीन सांभाळायचा कायदेशीर अधिकार कुणालाच उरत नाही. अशा वेळी दोन गट उभे राहतात, दोघंही स्वतःला खरी कमिटी म्हणवतात, आणि दोघंही वकिलाला पैसे देतात. सुगीच्या लिलावातून आलेला भोपळ्याचा पैसा तारखांवर जातो. एखादा गट तिसऱ्याशी करार करतो, तिसरा कंपाउंड घालतो, आणि मंडळीला आपल्याच आवारात परवानगी घेऊन शिरावं लागतं. एवढं सगळं होऊनही गावातली माणसं चर्चला जायची थांबत नाहीत, याचं मला कौतुक वाटतं. फक्त दोन गटांच्या उपासना दोन वेळांना होतात.

कब्रस्तानाचं दुखणं याच घराण्यातलं. ज्या गावांत मिशनची जागा होती तिथं प्रश्न अतिक्रमणाचा. जिथं जागाच नव्हती तिथं मयत झालं की धावपळ सुरू होते: ओढ्याकाठी, गायरानात, नाहीतर वीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या कब्रस्तानात. स्मशानभूमी आणि दफनभूमीची सोय करणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे आणि जनसुविधा योजनेतून त्याला निधीही मिळू शकतो. पण त्यासाठी ग्रामसभेत ठराव लागतो, आणि चाळीस घरांचं ग्रामसभेत किती चालणार?

दाखल्यावर काय लिहायचं

तिसरा कागद सर्वांत जड. इथं कायदा समजून घेतला तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली, १९९० साली बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. म्हणून नवापूरचा ख्रिस्ती मावची किंवा भिल्ल अनुसूचित जमातीतच राहतो. ती सवलतही काढून घ्या, अशी मागणी करणाऱ्या संघटना आहेत.

नगरच्या एखाद्या गावात याचा अर्थ काय होतो? एकाच पणज्याचे दोन पणतू घ्या. एकाच्या आजोबानं १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागं बौद्ध धम्म स्वीकारला, दुसऱ्याचं घर त्याआधीपासून ख्रिस्ती. घरं एकमेकांना लागून. गावानं दोघांनाही सारख्याच अंतरावर ठेवलेलं. पहिल्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो. त्याबरोबर शिष्यवृत्ती, नोकरीतलं आरक्षण, राखीव जागेवर सरपंचपदाला उभं राहण्याचा हक्क आणि अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण. दुसऱ्याला यातलं काही नाही. काही राज्यांनी अशा ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गात जागा दिली आहे, पण इतर मागासवर्गात असणं वेगळं आणि अॅट्रॉसिटीचं संरक्षण असणं वेगळं.

यावर न्यायालयात जाणारे लोक कमी नाहीत. १९८५ साली सूसाई नावाच्या मद्रासच्या एका चर्मकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणाऱ्यांना सरकारनं मोफत टपऱ्या दिल्या होत्या, याला ख्रिस्ती म्हणून नाकारली. न्यायालय म्हणालं, धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तेवढ्याच तीव्रतेनं टिकतो याचा पुरावा आमच्यापुढं नाही. तो पुरावा गोळा करायचं काम पुढं रंगनाथ मिश्र आयोगाकडे आलं. त्यांनी २००७ साली शिफारस केली की अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा. सरकारनं ती मान्य केली नाही. ही धर्माची अट काढावी म्हणून २००४ पासून केलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयात पडून आहेत. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला, त्याला आधी दोन वर्षं दिली होती, मग मुदत वाढवली गेली. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वराणी खटल्यात म्हटलं की प्रत्यक्ष ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणापुरतं हिंदू म्हणवायचं ही राज्यघटनेशी केलेली फसवणूक आहे.

या शेवटच्या वाक्याचा गावच्या चर्चशी थेट संबंध आहे. खेड्यात अशी घरं आहेत जी रविवारी उपासनेला येतात, पण शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ किंवा ‘हिंदू मांग’ आहेत. बाहेरचा माणूस याला लबाडी म्हणेल. आतून बघितलं तर ती बापानं पोराच्या शिक्षणासाठी केलेली निवड असते, आणि ती निवड करायला लावणारी अट कायद्यानं घातलेली असते. पण किंमत मंडळी मोजते. अशा घरातली मुलं बाप्तिस्मा घेत नाहीत, कारण बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे पुरावा. लग्न चर्चमध्ये लावत नाहीत, कारण १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली झालेलं लग्न रजिस्टरमध्ये जातं. कमिटीवर नाव देत नाहीत, जमिनीच्या खटल्यात साक्ष देत नाहीत. जी माणसं शिकली, ज्यांना कागद वाचता येतात, नेमकी तीच कागदावर यायला घाबरतात. चेंज रिपोर्ट वेळेवर का जात नाही, याचं एक उत्तर इथं आहे.

ख्रिस्ती समाज अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित आहे, मग त्या योजना? त्यातली पहिली ते आठवीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. नववी-दहावीला ती ठेवली, पण ऊसतोडीच्या घरातलं पोर गळतं ते बहुधा त्याच्या आधीच.

गावात उरलेलं

जुन्या चर्चमधून तरुण बाहेर पडतात ते दोन दिशांनी. काही पुण्याला, चाकणला, वाळूजला कामाला जातात आणि तिथल्या शहरी मंडळीत मिसळतात किंवा मिसळत नाहीत. काही गावातच राहतात, पण पेंटेकॉस्टल किंवा स्वतंत्र प्रार्थना सभांकडे वळतात. तिथं ढोलकी, कीबोर्ड आणि आजाऱ्यासाठी हात ठेवून केलेली प्रार्थना असते, पाळक शेजारच्याच गल्लीत राहतो आणि रात्री अकरा वाजता फोन उचलतो. जुन्या मंडळीतले वडील यावर नाक मुरडतात. मला मात्र त्या पाळकात जुन्या मास्तरचीच सावली दिसते, शाळा वजा करून. त्याच्या डोक्यावर संस्था नाही, न्यास नाही, म्हणून जमिनीचं भांडण नाही. पण त्याच कारणानं तो सर्वांत उघडाही असतो: घरातल्या प्रार्थनेवरून तक्रार झाली, पोलीस आले, तर त्याच्या मागं बिशपही नाही आणि वकीलही नाही.

चर्चनं गावाला दिलेल्या कामांपैकी जी टिकली त्यांत एक गोष्ट समान दिसते, ती म्हणजे तिथं गावातल्या माणसांना पगारापलीकडची जागा मिळाली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघंही ख्रिस्ती, पण त्यांनी बाहेरून परिचारिका आणून बसवण्याऐवजी गावातल्याच बायकांना, कित्येकदा दलित आणि निरक्षर बायकांना, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षय ही कामं त्यांच्या हाती दिली. डॉक्टर गेले तरी गावातलं शहाणपण गावात राहिलं. अँडरसन यांना १८५५ साली जे हवं होतं ते चर्चपेक्षा दवाखान्यातच जास्त खरं झालं, असं म्हणायला हरकत नाही.

मंडळीतही अशी ताकद आहे आणि ती बहुतेक बायकांची आहे. पुरुष तोडीला किंवा शहरात, तेव्हा बुधवारची प्रार्थना, आजाऱ्याची भेट, सुगीच्या सणाची गोळाबेरीज, सगळं महिला मंडळ बघतं. सीएनआयमध्ये स्त्रियांना पाळक होता येतं. तरी कमिटीच्या यादीत आणि न्यासाच्या नोंदवहीत अजून पुरुषांचीच नावं भरलेली आढळतात, त्यातली काही, वर म्हटलं तसं, वारलेल्यांची.

एखाद्या मंडळीला सुरुवात कुठून करायची असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा काढावा. नक्कल साध्या अर्जावर मिळते. ख्रिस्ती न्यासांचा नोंदणी क्रमांक ‘डी’ अक्षरानं सुरू होतो, तो जुन्या पावतीपुस्तकावर सहसा छापलेला असतो. उताऱ्यावर विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत आणि मालमत्तेच्या रकान्यात चर्च, कब्रस्तान, शेत यातलं काय काय लागलं आहे ते बघावं. मग तलाठ्याकडचा सात-बारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणून तिन्ही कागद शेजारी ठेवावेत. जिथं नाव जुळत नाही तिथून पहिला अर्ज लिहायचा.